सप्तपदीनंतरचे आठवे पाऊल

मुदखेडची ओळख मराठवाड्यात दोन गोष्टींसाठी आहे. एक, मुंबई, हैदराबाद आणि आदिलाबाद अशा तिन्ही दिशांना वाट देणारे रेल्वेचे जंक्शन. आणि दुसरी, आसपासच्या शिवारांतली फुलशेती. लग्नसराई सुरू झाली की येथील गुलाब आणि काकडा पहाटेच्या गाडीने बाजाराला निघतात आणि कुणाच्या तरी मांडवात हार होऊन झुलतात. दुसऱ्यांच्या लग्नांना फुले पुरविणाऱ्या या गावाच्या स्वतःच्या सोयरिकी मात्र पूर्वी फार दूर जात नसत. नांदेड, परभणी, लातूर, निजामाबाद. फार झाले तर हैदराबाद. नंतर पुणे आले. आणि गेल्या दोन-अडीच दशकांत, नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेली पिढी संगणकाच्या बळावर सातासमुद्रापार गेली, तसे मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या मध्यमवर्गीय बैठकीतही एक वाक्य सहज ऐकू येऊ लागले : "स्थळ चांगले आहे. मुलगा परदेशात असतो."

या एका वाक्याने बैठकीचा नूर पालटतो. एरवी आपला समाज स्थळाच्या चौकशीत कमालीचा काटेकोर आहे. गोत्र पाहिले जाते, पत्रिका जुळविली जाते, मामाकुळाची माहिती काढली जाते, शेती किती आणि बागायती किती हे तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जाऊन तपासले जाते. मुलगा पुण्यात नोकरीला असेल, तर कोणी ना कोणी त्याच्या कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन येतो. पण मुलगा न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये आहे म्हटले की ही सारी चौकशी अचानक मंदावते. डॉलरचा आकडा रुपयांत मांडला जातो आणि त्या गुणाकारातच सगळ्यांचे समाधान होते. सुट्टी तीन आठवड्यांची, म्हणून पहिल्या आठवड्यात पाहणे, दुसऱ्यात लग्न आणि तिसऱ्यात निरोप! ज्या निर्णयाला सर्वाधिक वेळ हवा, त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

आणि या घाईत एक प्रश्न कोणी विचारीतच नाही. मुलगा त्या देशात कोणत्या दर्जाने राहतो, आणि आपली मुलगी तेथे कोणत्या दर्जाने राहणार?

एक शब्द, तीन नशिबे

'अमेरिकेत आहे' या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. मुलगा अमेरिकी नागरिक असेल, तर त्याच्या पत्नीची गणना अगदी जवळच्या नातलगांत होते. तिच्या अर्जाला वार्षिक संख्येची मर्यादा नसते. तो केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नीचा अर्ज मर्यादित संख्येच्या रांगेत जातो आणि ही रांग काही वर्षांचीही होऊ शकते. आणि तो 'एच-वन-बी' या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर पत्नी 'एच-फोर' या आश्रिताच्या व्हिसावर जाते. आपल्याकडून जाणाऱ्या अनेक अभियंत्यांची अवस्था ही तिसरी असते.

'आश्रित' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा लागतो. पतीची नोकरी गेली की पत्नीच्या वास्तव्याचाही आधार जातो. विवाह संपला की तिचा दर्जा संपतो. आश्रित पत्नीला तेथे नोकरीची मुभाच नव्हती. मे २०१५ पासून ती मिळाली, पण ज्यांच्या पतीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे, अशांनाच प्रामुख्याने. म्हणजे मुलगी येथे प्राध्यापिका असो, औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असो, नाहीतर बँकेत अधिकारी असो. विमानातून उतरल्यावर काही वर्षे तरी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फ पाहत बसण्याची तयारी ठेवावी लागते. ही तयारी तिने समजून-उमजून केली असेल तर त्यात गैर काही नाही. न सांगता तिच्यावर लादली गेली असेल तर मात्र ती फसवणूकच होय.

नागरिकाशी विवाह झाला म्हणजे सारे निर्वेध झाले, असेही नाही. बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ज्या पत्नीला ग्रीन कार्ड मिळते, तिचे कार्ड दोन वर्षांपुरते सशर्त असते. ही मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने मिळून अर्ज करावयाचा असतो. 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा. पती सही करावयास नकार देत असेल, तर विवाह सद्भावनेने झाला होता किंवा आपला छळ झाला, हे सिद्ध करून पत्नी एकटीही अर्ज करू शकते. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळग्रस्त पत्नीला स्वतःच्या नावे कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची वाट तेथील १९९४ च्या कायद्याने खुली केली आहे. पण ही वाट आहे हे ठाऊक असेल, तरच तिचा उपयोग. मुदखेडहून गेलेल्या मुलीला ते कोण सांगणार? ज्याच्याविरुद्ध ही वाट आहे, तोच बहुधा तिचा एकमेव माहितगार असतो!

उपकार नव्हे, बंधपत्र

'त्याने तिला स्पॉन्सर केले' असे आपल्याकडे म्हटले जाते, ते जणू जावयाने केलेल्या उपकाराच्या सुरात. वस्तुतः ते बंधपत्र असते. अमेरिकेत पत्नीसाठी अर्ज करणाऱ्याला दारिद्र्यरेषेसाठीच्या सरकारी निकषाच्या १२५ टक्के पातळीपर्यंत तिचा निर्वाह चालविण्याची लेखी हमी द्यावी लागते. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाइतके श्रेय तिच्या खाती जमा होईपर्यंत ही हमी सामान्यतः टिकते, आणि घटस्फोटानेही ती संपत नाही. ही ओळ लाल शाईने अधोरेखित करून ठेवावी अशी आहे. "तुला हाकलून देईन, मग बस रस्त्यावर" अशी धमकी देणाऱ्या पतीने स्वतःच्या सहीने शासनाला नेमके उलटे वचन दिलेले असते.

ब्रिटनमध्ये हाच विचार उत्पन्नाच्या अटीतून येतो. २०१२ साली पत्नीला बोलाविणाऱ्यासाठी वार्षिक १८,६०० पौंडांची किमान अट घालण्यात आली; एप्रिल २०२४ मध्ये ती नव्या अर्जदारांसाठी २९,००० पौंडांवर गेली. कायम वास्तव्यासाठीची प्रतीक्षा पूर्वी दोन वर्षांची होती, ती २०१२ पासून पाच वर्षांची झाली. कॅनडात पत्नीचा निर्वाह तीन वर्षे चालविण्याची हमी द्यावी लागते. त्या देशाने २०१२ साली नव्या जोडप्यांवर दोन वर्षे एकत्र राहण्याची अट लादली होती. या अटीमुळे छळ सोसणाऱ्या स्त्रिया घरातच अडकून पडतात, हे लक्षात आल्यावर २०१७ साली ती मागे घेण्यात आली. एका प्रगत देशाला जे पाच वर्षांच्या अनुभवाने कळले, ते आपल्या वधूपित्यांनी आधीच ओळखायला हवे : जिचा राहण्याचा हक्क दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, तिचा आवाज आपोआप खाली येतो.

विवाह मानणार कोण?

पत्नीला परदेशी पतीजवळ जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न आजचा नाही. त्याच्या पोटी भारताच्या इतिहासातील एक तेजस्वी अध्याय जन्मला. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली तेथे गेले होते. त्यानंतर काही महिन्यांतच, १४ मार्च १९१३ रोजी, केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. बाई मरियम नावाची एक भारतीय स्त्री पतीजवळ राहावयास निघाली होती. तिला प्रवेश नाकारला गेला. बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीने लागलेला विवाह हा कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे, असे कारण न्यायालयाने दिले. एका फटक्यात त्या देशातील हिंदू आणि मुसलमान कुटुंबांतील विवाहितांचे पत्नीपदच संशयास्पद ठरले. अग्नीच्या साक्षीने झालेले लग्न परक्या न्यायासनापुढे शून्य!

त्याचे उत्तर गृहिणींनी दिले. कस्तुरबांसह अनेक स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या आणि सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांनी तीन महिन्यांचा सश्रम कारावास पत्करला. १९१४ च्या कायद्याने एकपत्नी भारतीय विवाहांना अखेर मान्यता मिळाली. पतीजवळ सन्मानाने राहण्याचा हक्क आपल्या आज्या-पणज्यांनी तुरुंगात जाऊन मिळविला आहे, हे विसरता कामा नये.

अपमान तेवढ्यावर थांबले नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, नियोजित वराशी विवाह करण्यासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य तपासणी' करण्यात आली. वृत्तपत्रांनी ही बातमी फोडली, भारतात संतापाची लाट उसळली आणि ब्रिटिश सरकारला ती घृणास्पद पद्धत बंद करावी लागली. आज तपासणी कागदांची होते. पण संशय तोच आहे. आठ दिवसांत ठरलेले लग्न, लग्नापूर्वीच्या मोजक्या भेटी, वडीलधाऱ्यांनी जुळविलेले स्थळ, हे सारे परदेशी अधिकाऱ्याला अनोळखी असते. ठरवून केलेल्या विवाहाचे मर्म त्याला समजावे अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा, ते सिद्ध करणारी कागदपत्रे हाती असणे शहाणपणाचे.

विधी हवा, कागदही हवा

येथे आपल्याकडचे एक टोक दुसऱ्या टोकाला जाते. कागद हवा ना, मग आधी कागदच करून ठेवू, अशी पळवाट निघाली आहे. साखरपुडा झाला की लगेच विवाह नोंदवावयाचा, व्हिसाचा अर्ज पुढे सरकवावयाचा आणि 'खरे लग्न' सवडीने पुढच्या डिसेंबरात लावावयाचे. वेळ वाचतो, असे सांगितले जाते.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने या पळवाटेवर नेमके बोट ठेवले. त्या प्रकरणातील दोघांनी विधी न करताच एका संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली होती. परदेशी जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज करण्याच्या घाईपोटी कुटुंबे असे करतात, याची न्यायालयाने स्पष्ट दखल घेतली. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे आवश्यक विधी झालेले नसतील, तर केवळ नोंदणीने विवाह सिद्ध होत नाही. हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, असे न्यायालयाने बजावले.

१९१३ आणि २०२४ हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात संस्कार होता, पण कायद्याची मान्यता नव्हती. म्हणून पत्नी दारातच थांबली. दुसऱ्यात नोंदणीचा कागद होता, पण संस्कार नव्हता. म्हणून ती पत्नीच ठरली नाही. पुढचा विधी कधी झालाच नाही, तर? मुलगी ना विवाहित, ना अविवाहित. आणि परदेशी शासनापुढे मात्र तिच्या सहीचा विवाहाचा दावा नोंदलेला! सप्तपदी आधी, नोंदणी लगेच मागोमाग आणि अर्ज त्यानंतर, हा क्रम उलटता कामा नये.

नोंदणी अवघडही नाही. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे. मुदखेड शहरात नगर परिषद आणि खेड्यांत ग्रामपंचायत हे काम करते. विवाहानंतर ९० दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ज्ञापन द्यावयाचे असते. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही लग्नात लाखोंचा खर्च करणारी कुटुंबे नोंदणीला मात्र 'होईल पुढे' म्हणतात.

यात आपल्या चालीरीतींतून येणारी एक अडचण आहे. ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची आपली रीत गोड आहे. पण त्या क्षणी तिचे नाव बदलते, मधले नाव बदलते आणि आडनावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, विवाहाच्या दाखल्यावर तिसरे. परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी या तीन वेगवेगळ्या स्त्रिया! रीत अवश्य पाळावी, पण सर्व सरकारी कागदांवर एकच नाव ठेवावे. पारपत्रासाठी विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही.

न्यायालयांनी सांगितले, शासनाने ऐकले?

बहुसंख्य परदेशस्थ तरुण आपले संसार निष्ठेने करतात, पत्नीच्या शिक्षणासाठी धडपडतात, हे सत्य आहे. दोष परदेशाचा नाही. पण जेथे फसवणूक होते, तेथे अंतर हेच फसविणाऱ्याचे कवच ठरते.

नीरजा सराफ खटला या संदर्भात मार्गदर्शक मानला जातो. शिक्षिका असलेल्या पत्नीने अमेरिकेतील पतीच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा दिला आणि नंतर हाती आली ती विवाह रद्द करण्यासाठी तेथील न्यायालयात दाखल झालेली याचिका. १९९४ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तीन सूचना केल्या : भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाला रद्द करता येऊ नये, पत्नीला पतीच्या येथील व तेथील मालमत्तेतून पुरेशी पोटगी मिळावी, आणि भारतीय न्यायालयांचे हुकूमनामे परदेशातही अंमलात यावेत. त्यापूर्वी १९९१ साली, विवाह ज्या कायद्याखाली झाला त्यात नसलेल्या कारणावरून, पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केलेला नसताना दिलेला परदेशी घटस्फोट येथे बंधनकारक नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले होते.

त्यानंतर समित्या झाल्या, अहवाल झाले. २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. परित्यक्ता स्त्रियांना परदेशात कायदेशीर साहाय्य देण्याची परराष्ट्र मंत्रालयाची योजनाही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत विधेयक मांडले. अनिवासी भारतीयाने ३० दिवसांत विवाह नोंदवावा, न नोंदविल्यास त्याचे पारपत्र जप्त करता यावे आणि समन्स संकेतस्थळावरूनही बजावता यावे, अशा त्यात तरतुदी होत्या. विधेयक संसदीय समितीकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाला पुन्हा एकदा सर्वंकष कायद्याची शिफारस करावी लागली. १९९४ ते २०२४ अशी तीस वर्षे! जिच्या नावाने हे सारे चालले आहे, ती स्त्री एवढ्यात आयुष्याच्या उतरणीला लागते. या प्रश्नी पाठपुरावा करणे हे लोकप्रतिनिधींइतकेच समाजाचेही काम आहे.

एका गोष्टीचा निषेधही नोंदविला पाहिजे. पैसे घेऊन केवळ कागदावर लग्न करणारी आणि ग्रीन कार्डानंतर वेगळी होणारी जोडपी आपल्या देशबांधवांतही आढळतात. हा गुन्हा तर आहेच, पण त्याची किंमत निरपराधांना मोजावी लागते. अशा प्रत्येक खोट्या लग्नामुळे एखाद्या खऱ्या जोडप्याची मुलाखत अधिक कठोर होते आणि त्यांचा विरह काही महिन्यांनी लांबतो.

चौकशी ही आपली परंपरा

मग करावे काय? परदेशातील स्थळे नाकारावीत काय? मुळीच नाही. आपण देशात जी चौकशी करतो, तीच समुद्रापलीकडे न्यावी, इतकेच. मुलाच्या व्हिसाचा प्रकार आणि मुदत, नेमणूकपत्र, पूर्वीचा विवाह असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा, ही कागदपत्रे मागण्यात कसलाही संकोच नसावा. पत्रिका मागताना जो संकोच वाटत नाही, तो येथे का वाटावा? ज्याचा व्यवहार सरळ आहे, त्या घराला अशा विचारण्याने राग येत नाही. राग आलाच, तर तेही एक उत्तरच होय.

तेथे आपली माणसेही आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. उत्तर अमेरिकेतील गावोगावच्या मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे. गणेशोत्सवाला एकत्र येणाऱ्या या कुटुंबांतून मुलाची माहिती मिळू शकते, आणि पुढे मुलीला एक माहेरही मिळू शकते. संकटात सापडलेल्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' ही संस्था काम करीत आहे. भारतीय दूतावासाचा क्रमांक, अशा संस्थांचे पत्ते, विवाहाच्या दाखल्याची प्रत, पारपत्राच्या छायाप्रती हे सारे मुलीजवळ असावे आणि त्याचा एक संच माहेरच्या कपाटात असावा. तिचे पारपत्र तिच्याच ताब्यात असावे. तिच्या नावे वेगळे बँक खाते असावे आणि त्यात परतीच्या तिकिटापुरती रक्कम कायम असावी. ही रक्कम बहुधा वापरावी लागणार नाही. पण ती आहे या जाणिवेने मुलीचा कणा ताठ राहतो.

दागिन्यांचा एखादा डाग कमी झाला तरी चालेल, पण व्हिसाचे नियम मुलीने स्वतः वाचलेले असावेत. अर्जावरची प्रत्येक ओळ समजल्याशिवाय तिने सही करू नये. गावातील वकील, निवृत्त शिक्षक, बँकेतील जाणते कार्यकर्ते यांनी पुढाकार घेतला, तर वधूवर मेळाव्यात तासाभराचे मार्गदर्शन सहज होऊ शकेल. कित्येक मेळाव्यांत सत्कार आणि भाषणांना याहून अधिक वेळ जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, माहेरचे दार उघडे असले पाहिजे. 'लोक काय म्हणतील' या भीतीने कित्येक मुली दूरध्वनीवर 'सगळे छान आहे' एवढेच सांगत राहतात. जी मुलगी परत येते ती हरून येत नसते. ती वाचून येत असते. हे आधी आईवडिलांना उमगले पाहिजे, मग गल्लीला, मग समाजाला.

सात पावले वधूवरांनी चालावयाची असतात. आठवे पाऊल कुटुंबाने आणि समाजाने टाकावयाचे असते, आणि ते लग्नानंतर नव्हे, लग्न ठरतानाच उचलावे लागते. मुदखेडच्या फुलांचे हार दुसऱ्या दिवशी कोमेजतात, त्याला इलाज नाही. ज्या मुलीच्या गळ्यात ते घातले, तिचा सन्मान मात्र परक्या मुलुखातही टवटवीत राहावा, एवढे तर आपल्या हाती आहे!